माध्यमिक शाळेतील अंकज्ञान व त्याची डागडुजी : ठाणे-कल्याण परिसराच्या अनुषंगाने काही ऐतिहासिक विचार

मुलांना हिशेब येत नाही, ही तक्रार आपल्याकडे शाळेइतकीच जुनी आहे, आणि तीवर उपाय योजण्याची खटपटही तितकीच जुनी. तथापि या खटपटीचा विचार करताना आपण बहुधा गेल्या दहा-पंधरा वर्षांतील शासकीय कार्यक्रमांपासून आरंभ करतो व त्यांच्या चाचण्यांच्या आकड्यांत गुंतून पडतो. प्रस्तुत निबंधात दृष्टी थोडी मागे नेण्याचा हेतू आहे. माध्यमिक वर्गातील विद्यार्थी जेथे अडखळतो ते स्थळ बहुतांशी एकच असते : अपूर्णांक, दशांश व प्रमाण. हे स्थळ मुळातच कठीण आहे यात शंका नाही. परंतु आपल्याकडे ते अधिक निसरडे होण्यास एक ऐतिहासिक कारण घडले, आणि पुढे योजलेल्या बहुतेक उपायांनी त्या कारणाची दखल घेतली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंकज्ञान आणि गणित यांत येथे भेद केलेला आहे. इंग्रजीत ज्यास 'न्यूमरसी' म्हणतात तो शब्द १९५९ सालच्या इंग्लंडमधील क्राउथर अहवालाने रूढ केला. त्यानंतर १९८२ मध्ये त्याच देशातील कॉकक्रॉफ्ट अहवालाने त्याचा अर्थ व्यवहाराच्या अंगाने अधिक स्पष्ट केला. त्या अहवालातील एक निरीक्षण पुष्कळांच्या स्मरणात राहिले आहे. ६३९९ या संख्येनंतरची संख्या कोणती, हा प्रश्न एखादे सात वर्षांचे मूल सोडविते, तर एखाद्या चौदा वर्षांच्या मुलासही तो सुटत नाही. एकाच इयत्तेत समजुतीचे इतके अंतर असू शकते, हे त्या समितीचे म्हणणे. ज्यास आपण आठवीचा वर्ग म्हणतो तो अंकज्ञानाच्या दृष्टीने एक वर्ग नसून चार-पाच वर्ग असतात, याचा अनुभव ठाणे वा कल्याण येथील कोणत्याही गणितशिक्षकास असणारच.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. ठाणे हे जिल्ह्याचे ठाणे, म्हणजे कचेऱ्यांचे गाव. कल्याण ही जुनी बाजारपेठ व बंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. पुढे कल्याण हे जंक्शन झाले, व डोंबिवली हे मुंबईस रोज जाऊन येणाऱ्या चाकरमान्यांचे गाव झाले. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. भाताचा व्यापारी, कचेरीतील कारकून, रेल्वेचा नोकर, बँकेतील लेखनिक अशा ज्या लोकांनी ही गावे घडविली, त्यांची उपजीविका आकड्यांवर होती. अंकज्ञान येथे शोभेची वस्तू कधीच नव्हती.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी पाहणी १८२० नंतरच्या दशकात झाली, तिची कागदपत्रे रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केलेली आहेत. त्या काळच्या गणतीप्रमाणे इलाख्यात सुमारे १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी होते. लोकसंख्या सुमारे ४७ लाख. म्हणजे दर शंभर लोकसंख्येमागे एकही मूल शाळेत नव्हते, आणि जी होती ती जवळजवळ सर्व मुलगेच, तेही ठराविक जातींतील. पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरता कामा नये.

पण त्या शाळेत गणिताचे जे शिक्षण मिळे ते पाहण्यासारखे आहे. धूळपाटीवर अंक गिरविणे, मोडीत जमाखर्च लिहिणे आणि सायंकाळी परवचा म्हणणे, एवढाच तो अभ्यासक्रम. परवच्यात पूर्णांकांचे पाढे तर असतच, परंतु त्यांहून महत्त्वाचे म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. आजच्या वाचकास औट हा शब्द 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारामुळेच माहीत असतो, आणि औट म्हणजे साडेतीन हे तर फारसे कोणास ठाऊक नसते. या शब्दांची व्युत्पत्ती मोठी बोधप्रद आहे. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. दीड हा द्व्यर्ध पासून, अडीच हा अर्धतृतीय पासून व औट हा अर्धचतुर्थ पासून आलेला आहे. अडीच म्हणजे दोन पूर्ण झाले असून तिसरा अर्धा झाला आहे, असा हा अर्थ. संख्यारेषेवर दोन आणि तीन यांच्या मधोमध बोट ठेवावे तसे ते आहे. अपूर्णांकाची जी कल्पना पाठ्यपुस्तक अंश, छेद व आडवी रेघ यांच्या साह्याने सहा महिने शिकविते, ती भाषेने एका शब्दात बसविलेली होती.

हे पाढे निव्वळ घोकंपट्टी म्हणून हिणविले गेले, व ते काही अंशी योग्यच होते. परंतु त्यांचा उपयोग मात्र रोजचा होता, कारण नाणी आणि मापे त्याच पद्धतीने बांधलेली होती. रुपयाच्या चार पावल्या, सोळा आणे, चौसष्ट पैसे. शेराचे चार पावशेर, आठ नवटाक, सोळा छटाक. धान्याच्या मापात दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. किती पायल्यांचा मण हे गावोगाव बदले. पण खालची मापे अर्ध्याच्या अर्ध्याने उतरत जात. साडेतीन आणे शेर या भावाने सात शेर तांदळाचे किती, असे विचारले की औटकी येणारा मुलगा साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, असे क्षणात सांगे. त्यास कागद लागत नसे. तो हे का करतो हे त्यास सांगता येत असे की नाही, हा वेगळा प्रश्न.

या देशी हिशेबाच्या शेजारी दुसरे एक गणित १८२० नंतर आले. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने इंग्रजी ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली, आणि १८२६ च्या सुमारास नव्या पद्धतीने तयार झालेले शिक्षक जिल्ह्यांत पाठविण्यात आले. हेच जर्व्हिस पुढे १८४७ मध्ये शिक्षण मंडळात एर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध देशी भाषेच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, हे शिक्षणेतिहासाच्या अभ्यासकांस विदित आहेच. पुस्तके मराठीत आली, परंतु त्यांची परिभाषा संस्कृत ग्रंथांची व मांडणी युरोपीय. परिणामी एकाच मुलाच्या डोक्यात दोन अंकगणिते नांदू लागली : एक तोंडचे, पावकी-औटकीचे, दुसरे पाटीवरचे, अंश-छेदाचे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा स्पष्ट उल्लेख केला, तोही शेतकऱ्याच्या मुलाच्या उपयोगाच्या दृष्टीने. त्यांच्या दृष्टीने हिशेब म्हणजे सावकाराच्या वहीतील आकडा वाचता येण्याची शक्ती होती. अंकज्ञानाचा प्रश्न हा सत्तेचाही प्रश्न आहे, हे त्यांनी जितक्या लवकर ओळखले तितके नंतरच्या कित्येक समित्यांनी ओळखले नाही.

ही दोन अंकगणिते सुमारे सव्वाशे वर्षे शेजारी शेजारी नांदली, आणि पहिल्याने दुसऱ्यास पुष्कळ आधार दिला. मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने रुपयाचे शंभर नवे पैसे ठरले होते. पाठोपाठ १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली व १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. १९६४ मध्ये नव्या पैशातील 'नवा' हा शब्दही गळाला. हा बदल योग्य होता, आवश्यकही होता. प्रांतोप्रांती बदलणाऱ्या मणांच्या व शेरांच्या जंगलात एकसूत्रता आली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण शाळेच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम झाला, तो पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. अर्ध्याच्या अर्ध्याने उतरणारी व्यवस्था जाऊन दहाने उतरणारी आली. चार आण्यांचे पंचवीस पैसे सुटसुटीत झाले, परंतु एका आण्याचे सव्वासहा. म्हणून रूपांतराच्या कोष्टकात एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस असे आकडे द्यावे लागले. साडेतीन आण्यांचा भाव तर २१.८७५ पैसे झाला. औटकीचे काम एका रात्रीत संपले. पाढ्यांच्या पुस्तकांत ती काही वर्षे छापली गेली, मग तीही गेली.

गेली ती कोष्टके. शब्द मात्र राहिले. आजही कल्याणच्या बाजारात भाजी पाव किलो, दीड किलो, अडीच किलो अशीच मागितली जाते. २५० ग्रॅमला अडीचशे व १२५ रुपयांना सव्वाशे म्हणतात. मुलगा आईबरोबर बाजारात जातो तेव्हा पाव म्हणजे काय हे त्यास पक्के ठाऊक असते. शाळेत मात्र तोच पाव एका प्रकरणात १/४, दुसऱ्यात ०.२५ व तिसऱ्यात शेकडा २५ अशा तीन वेषांत भेटतो, आणि हे तिघे एकच आहेत हे कित्येकांस दहावीपर्यंत उमगत नाही. ०.३ पेक्षा ०.२५ मोठा, कारण ३ पेक्षा २५ मोठे. किंवा १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५. या चुका जगभर आढळतात. परंतु ज्या मुलाच्या बोलीत पाव, पाऊण, सव्वा हे शब्द जिवंत आहेत त्याच्याकडून त्या व्हाव्यात, याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा आपण शाळेत त्या शब्दांना दिलेल्या सुट्टीत शोधावे, असे वाटते. जुनी औटकी परत आणावी असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, जो पूल होता तो काढला, आणि त्या जागी दुसरा बांधावयाचे राहून गेले.

येथे किंचित विषयांतर करून एका शाळामास्तरांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हा २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, आणि कापरेकरांचे माध्यमिक शिक्षणही ठाण्यासच झाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षक होते. कोणतेही चार अंक घ्यावेत (सर्व एकसारखे नसावेत), त्यांची उतरत्या क्रमाने होणारी संख्या व चढत्या क्रमाने होणारी संख्या यांची वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. फार तर सात वेळा केल्यावर ६१७४ ही संख्या येतेच. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हा कापरेकर स्थिरांक जगास ठाऊक आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांवर लिहिल्यानंतर त्यांची कीर्ती विशेष पसरली. परंतु त्यांच्या 'डेमलो' संख्यांचे नाव कोठून आले हे थोड्यांस माहीत असते. ते डोंबिवलीवरून आले. जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्टेशनाचे नाव त्या काळी डेमलो असे होते, आणि तेथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ ही त्यांपैकीच एक मालिका. आगगाडीची वाट पाहताना डोंबिवलीच्या फलाटावर आजही हजारो विद्यार्थी उभे असतात. त्या फलाटाचे नाव संख्याशास्त्रात गेलेले आहे हे त्यांना कोणी सांगत असेल काय, कोणास ठाऊक.

विषयांतर म्हटले खरे, पण ते अगदीच अस्थानी नाही. मागे पडलेल्या मुलास सराव हवा, हे सर्व उपचारात्मक कार्यक्रमांचे गृहीतक आहे. ते बरोबर आहे. मात्र आठवीतील तेरा वर्षांच्या मुलापुढे तिसरीतील वजाबाकीची उदाहरणे ठेवली की तो मनातून अपमानित होतो. त्याच मुलाने ६१७४ कडे जाण्यासाठी सात वजाबाक्या केल्या, तर त्यात हातच्यासह सर्व सराव होतो आणि अपमान होत नाही. आपली संख्या किती पायऱ्यांत पोहोचली हे तो शेजाऱ्यास विचारतो. शिवाय शेवटी ६१७४ न आल्यास वजाबाकी कोठेतरी चुकली हे त्याचे त्यालाच कळते. शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

माध्यमिक शिक्षणाच्या रचनेतील बदलांची येथे धावती नोंद पुरे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित सर्वांस आवश्यक ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ च्या आरंभी व 'बालभारती' १९६७ मध्ये अस्तित्वात आली. १९७५ पासून दहावीची नवी शालान्त परीक्षा सुरू झाली. पूर्वी जी मुले शाळेपर्यंतच पोहोचत नसत किंवा चौथीनंतर गळत, ती आता आठवी-नववीत येऊ लागली. ही लोकशाहीची कमाई होय. परंतु आलेल्या मुलांसाठी अभ्यासक्रम मात्र आधी येणाऱ्यांच्याच मापाचा राहिला.

या नव्या विद्यार्थ्यांसाठी शास्त्रीय बैठकीचा जो पहिला मोठा प्रयत्न आपल्या परिसरात झाला, तो होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत हे केंद्र स्थापन झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत त्याने आरंभी काम केले, आणि पुढे १९८० च्या दशकात वि. गो. कुलकर्णी व सु. चं. आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत पूरक मार्गदर्शन देण्याचा प्रकल्प राबविला. त्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतील यश लक्षणीय रीतीने वाढले, आणि १९८५ मध्ये त्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. कुलकर्णी व गंभीर यांनी १९८१ साली विज्ञानशिक्षणातील भाषेच्या अडसरावर जे लेखन केले, तेही याच मालिकेतील. या कामाचे महत्त्व असे की, 'मुलगा कच्चा आहे' हे उत्तर त्यांनी पुरेसे मानले नाही. मुलगा नेमके कोठे अडतो, आणि ती अडचण विषयाची आहे की पुस्तकाच्या भाषेची, हे त्यांनी आधी शोधले. मराठी माध्यमाच्या मुलासही पाठ्यपुस्तकाची मराठी परकी असते, हे तोपर्यंत फारसे कोणी मोकळेपणाने म्हटले नव्हते.

भाषेचा हा धागा २०१९ साली अगदी अनपेक्षितपणे सर्वांच्या चर्चेत आला. 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीस वीस एक, वीस दोन अशी वाचनपद्धती देण्यात आली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत थट्टा झाली, मराठी भाषेवर घाला आल्याची ओरड झाली. पण प्रश्न खरा होता. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो व वीस नंतर, लिहितो मात्र उलट. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, परंतु लिहिताना आधी दोन. एकोणनव्वद ऐकून मूल आधी नऊ लिहिते, यात त्याचा दोष काय? कन्नड वा तमिळ भाषेत वीस-एक असाच क्रम आहे; हिंदी, गुजराती आणि उर्दू यांची रीत मात्र आपल्यासारखीच. कल्याण-डोंबिवलीत या सर्व भाषा बोलणारी कुटुंबे एकाच इमारतीत राहतात, हे लक्षात घेता तुलना करून पाहण्यास यापेक्षा सोयीची जागा सापडणार नाही. वरील सूचनेत जुने शब्द काढून टाकण्याचा हेतू नव्हता, दोन्ही रूपे पुस्तकात होती. तरी चर्चा झाली ती केवळ नव्या रूपाच्या विचित्रपणाची. एका गंभीर शैक्षणिक प्रश्नाची इतकी स्वस्त वासलात लागलेली क्वचितच पाहावयास मिळते.

आता कार्यक्रमांकडे वळू. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेचा बालसखी उपक्रम येथे नोंदविला पाहिजे, कारण त्याचे फळ काटेकोरपणे मोजले गेले. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वस्तीतील एका तरुणीकडे रोज दोन तास सोपवावयाची, असा तो साधा उपाय. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत पाव प्रमाण-विचलनाहून थोडी अधिक वाढ आढळली, व ती मुख्यत्वे सर्वांत मागे असलेल्या मुलांत होती. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला. या शेवटच्या वाक्याचा उल्लेख सहसा होत नाही. मुले प्राथमिक वर्गांतील असली तरी माध्यमिक शाळांना यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे : इयत्तेनुसार न शिकविता पातळीनुसार शिकविले तर मूल पुढे जाते, आणि आधार काढला की घसरते.

'असर' या नावाने २००५ पासून होत असलेल्या पाहण्यांत ग्रामीण भारतातील आठवीच्या विद्यार्थ्यांपैकी तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८, २०२२ व २०२४ या तिन्ही वेळी शेकडा ४४ ते ४६ च्या आसपास आढळले. मध्ये महासाथ येऊन गेली, तरी आकडा जवळजवळ हलला नाही. याचा अर्थ असा की, दुखणे महासाथीपूर्वीचेच आहे. या पाहण्या ग्रामीण असल्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे त्यांच्या कक्षेबाहेर राहतात, आणि शहर म्हणजे सुस्थिती असा जो समज होतो त्यास आपोआप बळ मिळते.

महासाथीनंतरच्या 'सेतू' अभ्यासक्रमाने हे दुखणे सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा हा कार्यक्रम आखला, आणि १ जुलै २०२१ पासून तो सुरू झाला. मागील इयत्तेतील महत्त्वाच्या घटकांच्या दिवसवार कृतिपत्रिका व ठराविक टप्प्यांवर चाचण्या, अशी त्याची रचना होती. योजना बरी होती. पण राज्यातील शहरी भागांत आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे ठाणे-कल्याणच्या माध्यमिक विद्यार्थ्याने तो सेतू घरी बसून, बहुधा घरातील एकुलत्या भ्रमणध्वनीवर, तोही वडील कामावरून परतल्यानंतर, ओलांडला. शिवाय कृतिपत्रिका होती ती मागील एका इयत्तेची. जो नववीतला मुलगा पाचवीतील अपूर्णांकापाशी थांबलेला आहे त्यास आठवीची उजळणी देणे म्हणजे खाडीच्या मधोमध पुलाचा एक खांब उभा करण्यासारखे होते.

उपाय थकले की अट शिथिल करावी, असा विचार पुढे येतो. नववी-दहावीस काही वर्षे 'सामान्य गणित' हा सुलभ पर्याय होता. २०१७ साली नववीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा तो राहिला नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल काय, अशी विचारणा केली होती. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञान यांत ३५ ऐवजी २० गुण मिळविणाऱ्यासही, पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासह, उत्तीर्ण करण्याचा प्रस्ताव आला. गणितामुळे शाळेबाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलाविषयीची कणव त्यामागे आहे, आणि ती खोटी नाही. परंतु कोणाच्या प्रमाणपत्रावर हा शेरा उमटेल याचा विचार व्हावयास हवा. डोंबिवलीतील ज्या घरात शिकवणीसाठी पैसे आहेत तेथे तो उमटणार नाही. फुल्यांनी ज्या मुलासाठी हिशेब मागितला होता, त्याच मुलास दीडशे वर्षांनी हिशेबातून सन्मानाने मोकळे करण्याचा हा मार्ग होईल, अशी शंका येते.

याहून अधिक उपयुक्त वाटणारी एक साधी बाब वेळापत्रकाची आहे. उजळणी, सेतू, पूरक वर्ग, नाव काहीही असो, ते बहुधा जून-जुलैत होतात, आणि मग पुस्तक सुरू होते. आठवीच्या आजच्या पुस्तकात चलन हे प्रकरण सातवे आहे, सूट व कमिशन नववे, आणि चक्रवाढ व्याज चौदावे. यांतील पहिल्या प्रकरणात प्रमाण लागते, दुसऱ्यात टक्केवारी, तिसऱ्यात दशांशांचा गुणाकार. म्हणजे ज्या पाव, पाऊण व दीड यांची मुलास खरी गरज आहे ते दिवाळीच्या मागेपुढे व पुढे जानेवारीत येतात, आणि त्या वेळी पूरक वर्ग चालू नसतो. पंतोजी परवचा रोज सायंकाळी घेत असे, जुलैत एकदा नव्हे.